गोगलगायीच्या पेशीत डोपामीन सोडताना

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की आमच्या संत्र्याच्या बागेत आई रात्री टॉर्च आणि गोणी घेऊन निघते. शंखी गोगलगायी दिवसभर पालापाचोळ्याखाली, बांधावरच्या दगडांच्या फटीत दडलेल्या असतात. अंधार पडला की खोडावर चढतात आणि कोवळी पालवी कुरतडतात. आई त्या वेचते आणि मिठाच्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकते. गेल्या पावसाळ्यात त्या गोणीतल्या वीस-पंचवीस मी मागून घेतल्या. आई म्हणाली, "काऊन व, तुले कायले पायजे ह्या? मरू दे ना."

मी मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्याआधीच्या हिवाळ्यात एमएस्सीच्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, डोपामीन म्हणजे सुखाचं रसायन ना? मोबाइलवर सगळे तेच सांगतात." मी पुस्तकातलं उत्तर दिलं. डोपामीन हा एक निरोप आहे, तो ऐकून काय करायचं हे ऐकणारी पेशी ठरवते, वगैरे. मुलीने मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही ते कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझी पीएचडी गोगलगायींवरच झाली, पण ती त्यांच्या खाण्यापिण्याच्या सवयींवर. शेजारच्या टेबलावर माझे गाईड पेशींमधला करंट मोजायचे आणि मी लांबून पाहायचे. ते निवृत्त झाले तेव्हा जुना अँप्लिफायर, दोन मायक्रोमॅनिप्युलेटर (सुई केसभर सरकवणारी यंत्रं) आणि काचेच्या नळ्या ओढायचं यंत्र त्यांनी मला देऊन टाकलं. म्हणाले, "पडून राहण्यापेक्षा तिकडे घेऊन जा." चार वर्षं ते सामान माझ्या कपाटात पडून होतं. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी ते बाहेर काढलं. डोपामीनच्या निरोपाने गोगलगायीच्या पेशीत शिरणारा कॅल्शियमचा करंट कमी होतो का, ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

गोगलगायच का, हे सगळेच विचारतात. माणसाच्या मेंदूतली पेशी फार लहान असते. या शंखी गोगलगायीच्या मेंदूतल्या काही पेशी मात्र शंभर-दोनशे मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीहून मोठ्या असतात. त्या नारिंगी-पिवळ्या रंगाच्या असतात आणि साध्या डिसेक्शन मायक्रोस्कोपखाली एकेक मोजता येतात. शिवाय ठरावीक पेशी दर गोगलगायीत ठरावीक जागीच सापडते. आज जी पेशी पाहिली तीच उद्या दुसऱ्या गोगलगायीत शोधता येते. हा प्राणी मूळचा पूर्व आफ्रिकेचा. १८४७ साली बेन्सन नावाच्या गृहस्थाने तो मॉरिशसहून कलकत्त्याला आणला आणि तिथून तो देशभर पसरत गेला. शेतकऱ्याच्या जिवावर उठलेला हा प्राणी मज्जापेशी शिकायला इतका सोयीचा असावा, याचं मला आजही नवल वाटतं.

आधी टेबल. सुईचं टोक पेशीत असताना रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी पेशी फाटते. आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी स्कूटरच्या चार ट्यूबांमध्ये अर्धवट हवा भरली, त्यांवर कडाप्प्याची फरशी ठेवली, आणि टेबल तयार झालं. वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चारी बाजूंनी लावून तिला अर्थिंग दिलं, म्हणजे बाहेरची वीज आत शिरणार नाही. तरी पहिल्या दिवशी पडद्यावर सरळ रेषेऐवजी जाडजूड नागमोडी पट्टा आला. सेकंदाला पन्नास लाटा, म्हणजे आपल्या घरच्याच विजेची गुणगुण. दोन आठवडे आम्ही ती गुणगुण शोधत होतो. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, प्रत्येक वस्तूची अर्थिंगची वायर वेगळी काढून एकाच खिळ्याला आणून बांधली. शेवटी कळलं की शेतीपंपांची थ्री-फेज लाइन ज्या आठवड्यात दिवसा असते, त्या आठवड्यात आमचं व्होल्टेज खालीवर होतं आणि त्रास वाढतो. लाइन रात्री आली की दिवसा शांतता. तेव्हापासून आमचं वेळापत्रक पंपांच्या वेळापत्रकाच्या उलट चालू झालं. बागेला रात्री पाणी द्यायला बाबा उठायचे, त्या आठवड्यात मी दिवसा प्रयोग करायचे.

आता मेंदू काढण्याचं. हातमोजे घालायचेच, कारण या गोगलगायीच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. आधी मॅग्नेशियम क्लोराइडचं इंजेक्शन द्यायचं. काही मिनिटांत तिचं अंग सैल पडतं, शिंगं आत ओढणं थांबतं. मिठाच्या ड्रममध्ये तडफडणाऱ्या गोगलगायी मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. टेबलावरची गोगलगाय तशी जाऊ नये, एवढं मी पाहते. मग शंख फोडून डोक्यामागची कातडी मधोमध उघडायची. अन्ननलिकेभोवती अंगठीसारखं एक कडं दिसतं. तोच तिचा मेंदू. कड्याचा एक भाग नळीच्या वर, मोठा भाग खाली. ते कडं कापून सिलिकॉनच्या तळाच्या बशीत बारीक टाचण्यांनी ताणून बसवायचं.

खरी कसोटी इथून पुढे. कड्यावर पांढरट, चिवट आवरण असतं. संत्र्याच्या फोडीवरची पातळ साल आपण नखाने सोलतो, तसं ते दोन टोकदार चिमट्यांनी सोलावं लागतं. फरक एवढाच की ही फोड मोहरीच्या दोन-चार दाण्यांएवढी असते, आणि चिमटा केसभर खोल गेला की आतला रस बाहेर. पहिल्या सहा गोगलगायींचे मेंदू माझ्या हातून असेच गेले. सातव्या वेळी आवरण एका कडेने उचललं गेलं आणि हळूहळू मागे दुमडत गेलं. खाली नारिंगी गोळ्यांचा घड. त्यातला एक गोळा इतरांहून ठळक, टपोरा. ती मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. म्हणाली, "मॅडम, ही तर नुसत्या डोळ्यांनी बी दिसते." आणि खरंच, मायक्रोस्कोपमधून डोळा काढल्यावर बशीत तो ठिपका दिसत होता. एक अख्खी मज्जापेशी.

आतल्या आवरणावर एन्झाइमचं पाणी काही मिनिटं सोडलं की ते मऊ पडतं. मग दोन काचेच्या सुया एकाच पेशीत घालायच्या. एक सुई पेशीच्या आतलं व्होल्टेज मोजते, दुसरी त्यात करंट सोडते. अँप्लिफायर पहिल्या सुईवर नजर ठेवून दुसरीतून नेमका तेवढा करंट पुरवतो, की व्होल्टेज आपण ठरवलं तिथेच थांबावं. जेवढा करंट त्याला पुरवावा लागला, तेवढाच पेशीच्या पडद्यातून वाहिला, असा हिशेब. हॉजकिन आणि हक्सलीने १९५२ साली स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवरचं जे काम छापलं, ते याच युक्तीने केलेलं होतं, आणि १९६३ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

मी पेशीला उणे पन्नास मिलिव्होल्टवर धरून ठेवलं आणि दर अर्ध्या मिनिटाला क्षणभर अधिक दहावर उडी मारायला लावली. पडद्यावर एकच गिचमिड उमटली. पेशीच्या पडद्यातल्या आपापल्या दारांतून सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत, सगळे एकदम. या विद्युतभारित कणांचं वाहणं म्हणजेच करंट. कॅल्शियमचा करंट त्या गर्दीत कुठे आहे ते कळेना. म्हणून बाकीच्यांना गप्प करावं लागतं. बाहेरच्या पाण्यातला सोडियम काढून त्याजागी टेट्राइथाइल अमोनियम घातलं, त्याने पोटॅशियमच्याही बऱ्याच वाटा बंद होतात. सुईत सिझियम भरलं, तेही पोटॅशियमला अडवायलाच. कॅल्शियमच्या जागी बेरियम घातलं, कारण कॅल्शियमच्याच दारातून बेरियम जास्त सहज आत जातं आणि आत गेल्यावर ते दार लवकर बंद करत नाही. गोगलगायीच्या पेशीतला कॅल्शियम करंट असा वेगळा काढण्यात कीव्हच्या प्लाटोन कोस्त्युक यांच्या गटाने सत्तरच्या दशकात मोठं काम केलं. ते तर पेशीच्या आतलं पाणीच बदलून टाकायचे. आमच्याकडे तेवढी सोय नव्हती. पण हे सगळं बदलल्यावर गिचमिड निवळली आणि पडद्यावर एकच खळगा उरला. झपकन खाली जाणारा, तळाशी गोल होणारा, मग सावकाश वर येणारा. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त असतं. दार उघडलं की ते केवढ्या ओढीने आत येत असेल, ते त्या खळग्यात दिसत होतं. ऐंशी नॅनोअँपिअर. मी वहीत तारीख लिहिली आणि आकड्याखाली दोनदा रेघ मारली.

त्यानंतर जे झालं ते मी लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी नव्या पेशीवर डोपामीन सोडलं. करंट कमी झाला. पाच मिनिटांत कमी, दहा मिनिटांत आणखी कमी, वीस मिनिटांत अर्ध्यावर. मला रडूच आलं. त्या मुलीला मी मिठी मारली, रात्री गाईडना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "धुतल्यावर परत आला का?"

डोपामीन साध्या पाण्याने धुऊन मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या पेशीत धुतलं. परत आला नाही. त्याच्या पुढच्या पेशीत डोपामीन न सोडताच नुसती वाट पाहिली, तरी करंट तसाच उतरत गेला. सुया टोचल्यावर पेशीतून काही ना काही निसटत राहतं आणि कॅल्शियमचा करंट आपोआप मावळत जातो. हे या कामात सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं, कारण मी नेहमी लांबून पाहिलेलं. म्हणजे आदल्या दिवशीचा माझा आनंद डोपामीनचा नव्हता, मरत चाललेल्या पेशीचा होता. मी वहीचं ते पान फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं, "परत यायला हवा." भिंतीवरही तेच खडूने लिहून ठेवलं.

तेव्हापासून रीत बदलली. सुया घातल्यावर वीस-पंचवीस मिनिटं काहीच करायचं नाही, करंट एका पातळीवर ठरेपर्यंत नुसतं बसायचं. मग मेडिकलमधून आणलेल्या सलाइनच्या सेटने आधी साधंच, डोपामीन नसलेलं पाणी दुसऱ्या बाटलीतून सोडून पाहायचं, कारण नुसत्या प्रवाहाच्या धक्क्यानेही पेशी हलते. आकडा जागचा हलला नाही तरच डोपामीन. आणि मग धुणं.

असं नीट केलं तर चक्क काहीच होईना! चार पेशी गेल्या, करंट जागच्या जागी. मी पाठ टेकून बसले होते आणि त्या मुलीने डोपामीनची बाटली खिडकीशी धरली. पाणी फिकट गुलाबी झालं होतं. डोपामीन हवेने आणि उजेडाने खराब होतं, आधी गुलाबी, मग तपकिरी, शेवटी काळपट. केळीच्या सालीत डोपामीन भरपूर असतं आणि साल काळी पडते त्यात त्याचाही हात असतो. आमची बाटली तीन दिवसांची होती. म्हणजे चार पेशींवर आम्ही डोपामीनचा नुसता गाळ सोडला होता. त्यापुढे दर वेळी पूड ताजी वजन करून घ्यायची, थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड घालायचं, बाटलीला चांदीचा कागद गुंडाळायचा आणि ती बर्फात ठेवायची. बर्फ कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून यायचा.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ते घडलं. पंपांची लाइन रात्रीची होती, दिवस ढगाळ, कॉलेजला शुकशुकाट. सकाळी अकराला सुया बसल्या. साडेअकरापर्यंत करंट ठरला, ऐंशीच्या थोडा खाली. साधं पाणी सोडलं, जागचा हलला नाही. डोपामीनच्या नळीचा चिमटा त्या मुलीने उघडला. पहिल्या उडीत काही नाही. दुसऱ्या उडीत खळगा जरा उथळ. तिसऱ्या, चौथ्या उडीत आणखी उथळ, आणि मग तिथेच थांबला. छप्पन्न. आधीसारखा घसरत राहिला नाही, एका नव्या पातळीवर येऊन स्थिर उभा राहिला. तेवढ्यानेच मला वाटलं की हे वेगळं आहे. पण भिंतीवरचा खडू समोर होता. चिमटा बंद केला, धुण्याचं पाणी सोडलं.

धुण्याची दहा मिनिटं फार लांब असतात. त्या दहा मिनिटांत मी तिला पॅरिसची गोष्ट सांगितली. तिथे गेर्शेनफेल्ड यांच्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात हेलिक्स जातीच्या गोगलगायीवर हेच काम झालं. डोपामीनने काही ठरावीक पेशींतला कॅल्शियम करंट कमी होतो हे त्यांनी दाखवलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. डोपामीन स्वतः कॅल्शियमच्या दाराला हात लावत नाही. आपल्या अप्पर वर्धा धरणाचं दार जसं फोनवर निरोप आला म्हणून माणूस फिरवतो, तसं पेशीच्या आत दाराजवळ एक प्रथिन असतं. डोपामीन बाहेर आपल्या ग्राहीवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागेवर बसतं, ग्राही आतल्या त्या प्रथिनाला जागं करतो, आणि ते दाराला उघडायला नाखूश करतं. ते प्रथिन ओळखलं कसं, तर डांग्या खोकल्याच्या जंतूंच्या विषावरून. हे विष त्या जातीच्या प्रथिनांना निकामी करतं. ते पेशीत टोचलं आणि डोपामीनचा परिणाम थांबला. मग गाई-बैलांच्या मेंदूतल्या जी-ओ नावाच्या प्रथिनाविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी टोचली, तरी थांबला. १९८८ साली हे छापून आलं. म्हणजे गोगलगायीच्या पेशीतलं हे प्रथिन गाईच्या मेंदूतल्या प्रथिनाशी इतकं सारखं, की एकाची अँटिबॉडी दुसऱ्याला धरते. त्याच प्रयोगशाळेने हेही दाखवलं की सेरोटोनीन काही पेशींत उलट काम करतं, कॅल्शियमचा करंट वाढवतं, आणि त्याची आतली वाट वेगळीच असते. ती मुलगी ऐकता ऐकता म्हणाली, "म्हणजे सुखाचं काही नाहीच यात." मी म्हटलं, या पेशीत तरी नाही. इथे तो लगाम आहे. कॅल्शियम कमी आत गेलं की पेशी पुढच्या पेशीला निरोप कमी देते. माणसाच्या मेंदूतही डोपामीनचे काही ग्राही अगदी याच वाटेने कॅल्शियमची दारं आवरतात. डोपामीन कमी पडलं की हालचाल थिजते, हे शास्त्रज्ञ कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांवर दाखवलं. ससे थिजवायला त्यांनी वापरलेलं रेसर्पीन आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं, आणि ज्यापासून शरीरात डोपामीन बनतं ते एल-डोपा दिल्यावर ते ससे पुन्हा हलू लागले. या कामाला २००० साली नोबेल मिळालं.

एवढं बोलून होईपर्यंत पडद्यावर आकडा साठच्या वर गेला होता. मग चौसष्ट. मग सदुसष्ट. खळगा दर अर्ध्या मिनिटाला थोडा खोल होत होता. आम्ही दोघी बोलायच्या थांबलो. सत्तर. एकाहत्तर. बहात्तरवर तो ठरला.

पूर्ण ऐंशीवर आला नाही. तेवढा उतार सुयांचा, पेशीच्या थकव्याचा. पण परत आला. लगेच पुन्हा डोपामीन सोडलं, पुन्हा उतरला. धुतलं, पुन्हा चढला. तिसऱ्यांदा करावं का, असा मोह झाला होता, पण शेवटचं काम बाकी होतं. हा करंट खरंच कॅल्शियमच्याच दारांचा आहे, हे सिद्ध करायला कॅडमियम सोडावं लागतं, ते ही दारं सरसकट बुजवतं. सोडलं. दोन उड्यांत खळगा गेला, पडद्यावर जवळजवळ सपाट रेघ राहिली. कॅडमियम आणि बेरियमचं पाणी विषारी, ते आम्ही बेसिनमध्ये ओतत नाही, झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये जमवतो.

त्या पावसाळ्यात नीट टिकलेल्या अकरा पेशींवर आम्ही हे केलं. सातांत करंट उतरला आणि परत आला. तीनांत डोपामीनने काहीच झालं नाही. बाटली तीच, पूड ताजी, पेशी मात्र दुसऱ्या जागच्या. त्या तीन पेशींवर कदाचित तो ग्राहीच नसेल. एकीत धुतल्यावर परत आला नाही, ती आम्ही मोजली नाही. त्या मुलीने आपल्या प्रोजेक्टमध्ये अकराही पेशींची पानं लावली, न मोजलेलीचंसुद्धा. आडवी रेघ मारलेलं माझं जुनं पान तिने मागितलं आणि तेही लावलं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातल्या त्या दुपारी मी आधी गाईडना फोन केला आणि मग आईला. आईला कॅल्शियम, डोपामीन काही माहीत नाही, पण जून-जुलैभर संध्याकाळी माझ्या तोंडून एकच वाक्य ऐकून तिला ते पाठ झालं होतं. मी हॅलो म्हणायच्या आत तिने विचारलं, "मंग, आला का वापस?"

"हाव, आला. सगळा नाई, पण आला."

"बरं झालं. मंग शनिवारी येजो, क्रेट घेऊन. बागेत लय झाल्या पुन्हा."